कोणत्या महिन्यात संपेल, तेवढं सांगा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्यात कर्जात अडकलेल्या लोकांना सल्ला देते. येणाऱ्या प्रत्येकाला हप्ता तोंडपाठ असतो, पण शेवटचा हप्ता कधीचा हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. जून 2025मध्ये आलेल्या एका जोडप्याने मात्र पहिला प्रश्न तोच टाकला. नवरा एमआयडीसीत फिटर, बायको घरी शिलाईकाम करणारी. "मॅडम, किती राहिलंय ते नको. कोणत्या महिन्यात संपेल, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. मुलगी नुकतीच दहावी पास झाली होती. 2027च्या पावसाळ्यात इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू होतील तेव्हा फी भरायला हात मोकळे हवे होते.

कर्जं चार. पतसंस्थेचे 1,20,000 बाकी, व्याज 14 टक्के, हप्ता 5,400. फ्रिजचे 2,100चे पाच हप्ते. बाईंच्या भावाकडून घेतलेले हातउसने 40,000. आणि क्रेडिट कार्डावर 80,000.

कार्डाचं नाव निघताच नवरा म्हणाला, "ते एकदाही थकवलं नाही, मॅडम." खरंच होतं ते. दर महिन्याला किमान रक्कम वेळेवर भरलेली. मी स्टेटमेंट पुढे ओढलं आणि व्याजाच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. महिन्याला साडेतीन टक्के, व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. 80,000वर महिन्याला 3,304 रुपये. हा माणूस भरतो साधारण 4,165. मुद्दलातून कमी होतात साडेआठशेच्या आसपास. वर्षभर असंच भरत राहिलं तर 47,000 रुपये जातील आणि कर्ज कमी होईल पावणेदहा हजारांनी. निम्मं व्हायलाच पाच वर्षांहून जास्त. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते, ही सूचना त्याच कागदावर छापलेली होती. पण इतक्या बारीक अक्षरातलं वाचतं कोण? त्यात घरचा किराणाही याच कार्डावर. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, साखर-तेलावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. नवरा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.

मग कोरा कागद घेतला. आधी कार्डावरची खरेदी बंद. कार्डाला 4,200 ठरवून घेतले, बाकी घटली तरी रक्कम घटवायची नाही. तिन्ही हप्ते मिळून 11,700 होतात, तेवढे शेवटपर्यंत दर महिन्याला काढायचे. फ्रिज फिटला की त्याचे 2,100 कार्डाकडे, कार्ड संपलं की सगळे पतसंस्थेकडे, शेवटी भावाकडे. महिन्यामागून महिना उतरवत गेले. सप्टेंबर 2027 आला.

"प्रवेश तर त्याआधीच होतात," बाई म्हणाल्या.

घरात सोनं आहे का, असं मी विचारलं. बाईंनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "पाटल्या आहेत, पण त्याला हात लावायचा नाही." या कामात मी सोनं गहाण टाकायचा सल्ला सहसा देत नाही, कारण आलेले पैसे दुसरीकडेच जातात. इथे मात्र ते सरळ कार्डात भरायचे होते. सोनेतारण वर्षाला 10 टक्के धरून दुसरा तक्ता मांडला. तेच 11,700, तोच क्रम, फक्त कार्डाच्या जागी सोनेतारण. ते सोळाव्या महिन्यात सुटतं, आणि सगळं मिळून मे 2027मध्ये संपतं. दोन्ही कागद मी बाईंसमोर ठेवले. त्यांनी मे महिन्याचा उचलला. "पाटल्या माझ्या आहेत," एवढंच म्हणाल्या. नवरा काही बोलला नाही.

अडलं ते वेगळ्याच जागी. भावाचं देणं शेवटी ठेवलेलं त्यांना पटेना. व्याज नाही म्हणून ते मागे ठेवलं, हे मी समजावलं. "तो मागत नाही, मॅडम, म्हणून तर जास्त टोचतं." याला माझ्या तक्त्यात उत्तर नव्हतं. भावाला निदान महिना कळवा, असं मी सुचवलं. दोन वर्षांत कुणी त्याला तारीखच दिली नव्हती. त्यांनी तिथूनच फोन लावला. "दादा, तुझे पैसे फेब्रुवारी 2027पासून यायला लागतील, मेमध्ये पूर्ण." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाई मात्र मोठ्याने म्हणाल्या, "नाही, लिहून ठेव. फेब्रुवारी."