सबवूफरचा बॉक्स: लिटर विचारल्याशिवाय घेऊ नका

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, बासचे सूर वाजवणारा स्पीकर बसवायचा होता. वूफर (तो स्पीकर), अॅम्प (त्याला ताकद देणारा अॅम्प्लिफायर), वायरिंग हे सगळं फारशी डोकेफोड न होता ठरलं. अडलं ते बॉक्सपाशी. "हा बॉक्स आतून किती लिटरचा आहे?" एवढंच मी विचारत होतो, आणि पुण्यात जितकी दुकानं पालथी घातली तितक्या ठिकाणी उत्तर एकच: "साहेब, दहा इंचीचा आहे. दहा इंची वूफर फिट बसणार." मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. भोक दहा इंचाचं असलं की वूफर बसतो, हे कुणालाही दिसतं. आवाज कसा येणार हे मात्र आत हवा किती कोंडली आहे त्यावर ठरतं.

हे आकडे गुपित नसतात. वूफरबरोबर येणाऱ्या कागदावर एफएस (वूफर मोकळा असताना आपसूक ज्या हर्ट्झला घुमतो तो आकडा), क्यूटीएस (ते घुमणं कितपत आवरलं जातं त्याचा आकडा), व्हीएएस (वूफरच्या लवचिकपणाइतकीच लवचिक हवा, लिटरमध्ये) छापलेले असतात. माझ्या वूफरचा क्यूटीएस ०.४७ आणि व्हीएएस ३२ लिटर. बंद बॉक्ससाठी हिशेब असा: ०.७०७ ला (हा सपाट, न घुमणाऱ्या बाससाठीचा नेहमीचा आकडा) क्यूटीएसने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि उरेल त्याने व्हीएएसला भागा. माझं उत्तर आलं २५ लिटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. दिवसभर बॉक्स विकणाऱ्याने ते करू नये, हे मला पटत नाही.

शेवटी टेप घेऊनच दुकानात जाऊ लागलो. बाहेरून मोजायचं आणि लांबी, रुंदी, उंची प्रत्येकीतून ३.६ सेंटिमीटर वजा करायचे, कारण १८ मिलिमीटरची फळी दोन्ही बाजूंना असते. मागची बाजू तिरकी असेल तर वरची आणि खालची खोली मिळवून निम्मी करायची. एका ठिकाणी विक्रेता म्हणाला, "एवढं कोणी मोजत नाही हो." मी मोजत राहिलो.

तिथला सगळ्यात खपणारा बॉक्स पोर्टेड होता, म्हणजे हवा आतबाहेर जायला नळी (पोर्ट) असलेला, आतून साधारण ३५ लिटर. त्याच्या पोर्टमध्ये टेप सरकवली: व्यास १० सेंटिमीटर, लांबी जेमतेम १२. एवढ्या आखूड नळीने बॉक्सचं ट्यूनिंग, म्हणजे नळी ज्या सुराला सगळ्यात जोरात घुमते तो सूर, ६० हर्ट्झच्या आसपास जातं. ३५ हर्ट्झला आणायचं तर त्याच व्यासाची नळी ४७ सेंटिमीटरच्या आसपास लांब लागते, आणि ती त्या बॉक्समध्ये सरळ मावतच नाही. म्हणजे बॉक्स बनवतानाच ठरलेलं असतं की एकाच पट्टीत दणका द्यायचा. मी डेमोला तबल्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड खालून वर सरकायला हवी. तिथे नुसतं "धुम्म, धुम्म" एकाच सुरात येत होतं. डीजेच्या गाण्यांना हे चालून जात असेल. मला पखवाज आणि डग्गा ऐकायचा होता, म्हणून बंद बॉक्सच पक्का केला. छोट्या हॅचबॅकमध्ये केबिनच अगदी खालच्या बासला उचलून धरते, त्यामुळे बंद बॉक्स तिथे कमी पडत नाही. चांगला पोर्टेड बॉक्स त्याच पॉवरवर जास्त मोठा वाजतो, पण त्याला जागा जास्त लागते आणि अॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) लावावाच लागतो; ट्यूनिंगच्या खाली वूफरच्या कोनला (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) आवर घालायला हवेचा दाब उरत नाही.

बॉक्स मग सुताराकडून करून घेतला. मिस्त्रींना कागदावर मापं दिली: रुंदी ४८, उंची ३३, खोली खाली २८ आणि वर २० सेंटिमीटर. आत साडेसव्वीस लिटर होतात, वूफरच्या मागच्या भागाने दीडेक लिटर जागा खाल्ली की २५ उरतात. त्यांनी एकदाही "एवढं कशाला" म्हटलं नाही. सांध्यांना फेविकॉल, स्क्रू, आतून सिलिकॉन. मागचा उतार सीटच्या पाठीला टेकेल असा ठेवला.

फळीबद्दल: एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आवाजाला उत्तम, पण पाणी लागलं की फुगते. कोकणात गाडी असेल किंवा डिक्कीत पावसाळ्यात पाणी झिरपत असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. आणि हो, मापं काढण्याआधी स्टेपनी कशी निघते ते बघा. बॉक्स कायमचा ठोकून ठेवलात तर पंक्चरच्या वेळी रस्त्यात स्क्रू काढत बसावं लागेल. काढता येणारे क्लॅम्प लावा, पण लावा नक्की, कारण जोरात ब्रेक मारल्यावर सुटा बॉक्स सरळ पुढे येतो.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर २५ लिटरचा नाद सोडून सीटखालचा छोटा सब बघावा. सेदानमध्ये बूट केबिनपासून बंद असतो, तिथे मागची सीट किंवा आर्मरेस्टची खिडकी उघडून ऐकल्याशिवाय ठरवू नका.

बंद बॉक्स हातात आला की वूफर बसवून दोन्ही तळव्यांनी कोन सारखा, हलकेच आत दाबा आणि तसाच धरा. आतल्या हवेचा जोर टिकून राहिला तर बॉक्स हवाबंद आहे. जोर लगेच ओसरून कोन सैल पडला तर कुठेतरी हवा निसटते आहे. वायरच्या भोकापासून शोधायला सुरुवात करा. माझ्या बॉक्सचा जोर टिकला, आणि त्याच दिवशी मिस्त्रींचे उरलेले पैसे खुशीने दिले.