तुम्ही विचारलंत म्हणून: पीडीएफ चढवली की झालं ना?

"आमची पुस्तकं डिजिटल करायची आहेत. पीडीएफ तयारच आहे. तेवढी चढवली की झालं ना?" असं विचारणाऱ्या बहुतेक प्रकाशकांना माझ्याकडून फक्त 'हो' ऐकायचं असतं. मी 'नाही' म्हटलं की, हा कागदाचा माणूस, याला नवं काही रुचत नाही, असं ठरतं. डिजिटलवाल्यांच्या बैठकीत मी पुस्तकाच्या बाजूने बोललो, तरी हेच ऐकावं लागतं. असो.

पीडीएफ ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने १९९३ साली आणली ती पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं म्हणून. छपाईला पाठवायला तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. पण फोनवर 'जसंच्या तसं' हीच अडचण होते. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने पान डावीकडे-उजवीकडे ओढत बसावं लागतं. इथवर सगळ्यांना पटतं. "चालतं हो, लोक वाचतात," असंही वर म्हणतात. म्हणून एक प्रसंग सांगतो.

घरच्या बागेवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, सतत खपणारं. त्याची डिजिटल आवृत्ती निघाली, म्हणजे छपाईची पीडीएफच विक्रीला ठेवली गेली. लेखिकाबाईंची दृष्टी तोवर बरीच अधू झाली होती. फोन आता पुस्तक वाचून दाखवतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्या हौसेने प्रकाशकांच्या कार्यालयात आल्या, फोन टेबलावर ठेवला आणि आपलंच पुस्तक लावलं. फोन बोलू लागला: एच, पी, डॉलर, कंस, पुन्हा एच. बाईंनी फोन माझ्याकडे सरकवला. "अहो, बघा बरं, माझंच काहीतरी दाबायचं राहिलं असेल."

त्यांचं काहीच राहिलं नव्हतं. पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं होतं. पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला दुसरं काही कळत नाही. शोधून पाहावं म्हणून मी 'पिवळी पाने' टाइप केलं, तर एकही नोंद सापडेना. शेवटची सूची पृष्ठांकांची, पण फाइलमध्ये मुखपृष्ठापासून मोजणी, त्यामुळे तेही आकडे चुकलेले. प्रकाशक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "पण दिसतंय तर छान!" ज्यांना दिसत नव्हतं, त्या समोरच बसल्या होत्या.

मग मीच पिवळ्या पानांबद्दलचा उतारा मोठ्याने वाचला. बाईंनी मध्येच थांबवलं. "ते औषध आता कुणी वापरू नये. ते वाक्य काढा." प्रकाशक म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." जी फाइल त्याच संध्याकाळी बदलता आली असती, तिच्याबद्दल हे उत्तर! माझा राग या वाक्यावर आहे, पीडीएफवर तितका नाही. छापून झालं की काम संपलं, ही सवय कागदावर शोभते. डिजिटल पुस्तक विकायचं असेल, तर ते निघाल्यानंतर त्यात दुरुस्त्या कोण करणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. यंत्र आणि ॲप नंतर निवडा.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की तयार पानापासून निघू नका, संहितेपासून निघा. शीर्षक नुसतं ठळक करू नका, त्याला शीर्षकाची स्टाइल लावा. तळटीप तळटीप म्हणूनच ठेवा. त्याच संहितेतून छापील पानही निघेल आणि ईपबही, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी पडद्यात बसवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल. ईपबचं प्रमाण २००७ पासून आहे, आतून ती वेबपानांचीच पुडकी असते. देवनागरी तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून, काही सवलती सोडल्या तर, ई-पुस्तकं दृष्टिहीनांनाही वापरता येतील अशी असणं कायद्याने बंधनकारक आहे. सबबी संपत आल्यात.

जुना साठा मात्र जिवावर येतो, हे कबूल. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर मिनिटांत चालतो, पण 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करून ठेवतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटवतो. पुन्हा अख्खं प्रूफ वाचावं लागतं आणि अंदाजपत्रकात त्या वाचनाचा रकाना कुणी ठेवत नाही. (माझं पोट याच कामावर चालतं. तेव्हा माझा सल्ला तेवढा जोखून घ्या.)

आयपॅड २०१० मध्ये आला तेव्हाचा मी वेगळं बोलायचो. व्हिडिओ घाला, पान उलटल्याचा आवाज घाला, वाचक थक्क झाला पाहिजे! न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये खास आयपॅडसाठी 'द डेली' हे दैनिक काढलं आणि डिसेंबर २०१२ मध्ये बंद केलं. फ्लॅशवर, म्हणजे वेबवर हलती चित्रं आणि आवाज चालवणाऱ्या जुन्या तंत्रावर, उभारलेले अंकच्या अंक २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर उघडेनासे झाले. तरी तो जुना मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, निदान आम्ही पडद्यासाठी काही नवं घडवायला निघालो होतो, तू तर नुसता स्टाइलींचा हिशेब ठेवतोस. शिवाय ओळ कुठे तुटावी, समास किती सोडावा, हे ठरवण्यात हयात घालवलीस आणि आता ते वाचकाच्या फोनवर सोडून मोकळा झालास. यातलं पहिलं मला मान्य नाही. दुसऱ्यावर मी अडखळतो.

कारण कविता. अक्षर मोठं केलं की लांब ओळ दुमडते आणि ती कवीने तोडली की फोनने, हे वाचकाला कळत नाही. दुमडलेला तुकडा थोडा आत सरकवता येतो, त्याने बरंचसं निभावतं, सगळं नाही. पान जखडून ठेवलं तर कवी खूश, पण अधू दृष्टीच्या वाचकाची पंचाईत. मी म्हणतो, दोन्ही फाइली द्या. प्रकाशक विचारतात, दुप्पट खर्च कोण करणार? आणि कवितासंग्रह किती खपतात हे मला ठाऊक असल्यामुळे, तिथे मला त्यांच्याशी भांडता येत नाही.