कामिनोची तयारी येऊरच्या चढावर

माहुली एका दमात चढणाऱ्याला स्पेनमधला कामिनो, म्हणजे सांतियागो शहरापर्यंतच्या पायी यात्रेचा मार्ग, सोपा वाटतो, आणि चढापुरतं बोलायचं तर तो सोपाच आहे. कस लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच बुटांत पाय घालून तीच सॅक पाठीवर घेताना. आपला ट्रेक रविवारी संध्याकाळी आसनगावच्या लोकलमध्ये संपतो. इथे रोज नवं गाव आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर.

म्हणून आमच्या ठाणेकर मंडळींनी सराव शनिवार-रविवार जोडूनच केला. शनिवारी उपवनहून येऊर गावापर्यंत चढ, रविवारी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन परत. दुसरा भाग धुळीचा, कंटाळवाणा आणि जास्त उपयोगी. डांबरावर एकाच लयीत पाऊल पडत राहिलं की फोड कुठे येणार ते तळवा तिथेच सांगतो. सॅक मात्र पूर्ण भरलेली हवी, वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. येऊरला चहा पिणाऱ्या एका आजोबांनी विचारलंच, “काय रे, घर सोडून चाललात की काय?”

सारिया गावापासून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. किमान १०० किलोमीटर पायी चाललात की प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी यात्रेकरूच्या पासपोर्टवर (ही शिक्क्यांची वेगळी पुस्तिका, आपला खरा पासपोर्ट नव्हे) रोज दोन शिक्के घ्या. चहा-कॉफीच्या टपरीवजा बारमध्येही शिक्का ठेवलेला असतो. पालास दे रेई ते आर्सुआ हा टप्पा २९ किलोमीटरचा. तो वाटेतल्या मेलिदे गावी मुक्काम करून तोडा, उगाच मर्दुमकी नको.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्कामाचे पुरावेही मागतात आणि सरकारी आल्बेर्गेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) आगाऊ बुकिंग होत नाही, त्यामुळे खाजगी आल्बेर्गे धरा. खोलीत घोरणारे असतातच, कानात घालायचे बोळे न्या. चालायच्या काठ्या चेक-इनच्या बॅगेत टाका.

तूप, पेढे, दुधाचा कुठलाही पदार्थ युरोपात नेता येत नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी चालते, आणि शाकाहाऱ्यांना ती लागतेच. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, जागोजागी मिळते. गालिसियाच्या (सांतियागो ज्या प्रांतात आहे त्याच्या) भाजीच्या सूपमध्ये मात्र बहुधा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. दुपारचं जेवण चुकलं तर रात्री आठपर्यंत स्वयंपाकघर बंद.

पाऊस कधीही येतो. आपला पावसाळी पोंचो पुरतो. ओले मोजे सेफ्टी पिनांनी सॅकवर टाचून वाळवत चाला.

वाटेवरच्या पोर्तोमारिन गावी थोडं थांबा. १९६० च्या दशकात जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा तिथलं चर्च दगड दगड सुटा करून वर आणून पुन्हा रचलं. दगडांवर घातलेले आकडे अजून दिसतात, बोट फिरवून पाहिले. भातसा धरणाचं पाणी पिणाऱ्या आम्हाला धरणाखाली गेलेली गावं नवी नाहीत, पण असा नंबर घातलेला दगड कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी गप्पा त्यावरच.

२५ जुलै हा सांतियागोच्या संताचा सण. तो रविवारी आला की ते पवित्र वर्ष. पुढचं २०२७ मध्ये आहे. त्या वर्षी निघणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा आणि खाटा आधीच राखून ठेवा.