फाशी गुलामाला, भरपाई मालकाला

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे जुने कायदे वाचत बसले (हो, मला असलीच कामं सुचतात) आणि व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यातल्या एका कलमापाशी अडकलेच. गुलामाला मृत्युदंड झाला की त्याची किंमत कोर्टाने ठरवायची आणि तेवढे पैसे सरकारी तिजोरीतून मालकाला द्यायचे. आधी वाटलं आपणच काहीतरी उलटं वाचतोय. पण नाही, हिशोब अगदी चोख आहे, गुलाम फासावर गेला तर मालकाचे पैसे बुडणार, मग मालक गुन्हा दडपणार, म्हणून सरकारच नुकसान भरून देतंय. आणि खटला म्हणाल तर १६९२ पासून असल्या खटल्यांना वेगळं कोर्ट, त्यात ज्युरीच नाही.

त्याच्याही आधी १६६९ चा एक कायदा आहे. मालकाने शिक्षा करताना गुलाम मेला तर तो गंभीर गुन्हा धरायचा नाही, का तर स्वतःची मालमत्ता कोण मुद्दाम नष्ट करेल! म्हणजे मार खाऊन मेला तर वस्तू, आणि त्याने कोणाला मारलं की लगेच माणूस, खटला भरण्यापुरता.

बरं हे दक्षिणेतच चालायचं असंही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्सटाऊनला १७५५ मध्ये मार्क आणि फिलिस या दोन गुलामांवर मालक जॉन कॉडमनला विष घातल्याचा आरोप सिद्ध झाला. तो मेला तर आपल्याला दुसरा, बरा मालक मिळेल एवढीच त्यांची आशा. सुटकेची नाही हां, दुसऱ्या मालकाची! नोकराने मालकाला मारणं हा साध्या खुनापेक्षा मोठा गुन्हा, जवळजवळ राजद्रोहच, आणि त्यात बाईला जाळायची शिक्षा. १८ सप्टेंबरला केंब्रिजमध्ये मार्कला फाशी दिलं, फिलिसला जाळलं, मग मार्कचं प्रेत चार्ल्सटाऊनला नेऊन रस्त्याच्या कडेला साखळदंडात टांगून ठेवलं.

पुढे १७७५ मध्ये पॉल रिव्हिअर ब्रिटिश सैन्य येतंय ही खबर द्यायला रात्री घोड्यावरून निघाला, ती स्वारी अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. १७९८ मध्ये त्याने त्या रात्रीबद्दल एक पत्र लिहिलं, त्यात दोन घोडेस्वार नेमके कुठे दिसले तर म्हणे मार्कला साखळ्यांत टांगलं होतं त्या जागेसमोर. मार्क कोण ते सांगायची त्याला गरजच वाटली नाही.