४८ बाइट बरोबर, पुढचे १४७ कचरा

शीतगृहातलं तापमान नोंदवणारी आमची पेटी. तिचा कॅलिब्रेशनचा तक्ता सर्व्हर बेस६४ करून, म्हणजे बाइट साध्या छापील अक्षरांत बदलून, पाठवतो. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग सेन्सर वाढले, ४० बाइटचा तक्ता ४०० बाइटचा झाला आणि एकूणएक पेट्या सीआरसी (डेटा बिघडला का ते पकडणारा पडताळ्याचा आकडा) जुळत नाही म्हणून तो नाकारायला लागल्या.

सपोर्टवाल्यांनी रिवाजाप्रमाणे सिमकार्डावर ढकललं. माझ्या लॅपटॉपवर तोच सी कोड, तीच फाइल, सगळ्या टेस्ट पास.

शेवटी पेटीतूनच डीकोड झालेल्या तक्त्याचा हेक्सडम्प काढला, म्हणजे कच्चे बाइट ओळीला सोळा असे छापून घेतले. पहिल्या तीन ओळी, म्हणजे ४८ बाइट, अचूक. पुढे १४७ बाइट कचरा. त्यानंतर परत ४८ अचूक, फक्त तीन घरं पुढे सरकलेले. नेटवर्क इतकं हिशेबी बिघडत नाही! ४८ बाइटची ६४ अक्षरं होतात आणि बेस६४ करणारं सर्व्हरवरचं ओपनएसएसएल बरोबर ६४ अक्षरांवर ओळ मोडतं. आमचा डीकोडर (अक्षरांचे परत बाइट करणारा कोड) ते न्यूलाइन, म्हणजे ओळ मोडल्याची खूण, गाळण्याऐवजी अक्षर समजून गिळत होता. एक अक्षर म्हणजे सहा बिट, म्हणून दर ओळीला सहा बिटांची सरक. चार ओळींत २४ बिट, म्हणजे पुरे तीन बाइट, की गाडी पुन्हा रुळावर. जुना तक्ता एका ओळीत मावायचा, म्हणून तीन वर्षं निभावलं.

डीकोडरचा उलट तक्ता (कुठल्या अक्षराची किंमत किती ते सांगणारा) सीमधल्या साध्या char टाइपचा, अमान्य अक्षरांसमोर -१. लॅपटॉपच्या इंटेलवर char साइन्ड (ऋण आकडेही घेणारा) असतो, पेटीतल्या एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. तिथे -१ चा २५५ होतो आणि ‘शून्याहून कमी आहे का’ याचं उत्तर कायम ‘नाही’. जीसीसी कंपायलरने हे सांगितलंही असतं. पण व्हेंडरच्या हेडर फाइलींवर वॉर्निंगचा पाऊस पडतो म्हणून एक्स्ट्रा वॉर्निंग कुणीतरी बंद करून ठेवल्या होत्या. कुणीतरी म्हणजे मीच.

लीड म्हणाले, "मेकफाइलमध्ये char साइन्ड करायचा फ्लॅग टाक आणि विषय संपव." मी अडून बसलो. त्याच फंक्शनमध्ये आलेलं अक्षर तसंच्या तसं तक्त्याचा इंडेक्स (घर क्रमांक) म्हणून वापरलंय. char साइन्ड केला आणि १२७ च्या वरचा बाइट आला, की इंडेक्स ऋण, आणि वाचन तक्त्याच्या अलीकडच्या मेमरीतून. पेटीवर ही चूक झाकली गेली ती char अनसाइन्ड आहे म्हणूनच. लॅपटॉपवर ती पहिल्या दिवसापासून उघडी होती. माझ्या टेस्टमध्ये तसा एकही बाइट नव्हता, एवढंच.

तक्ता साइन्ड char चा केला, इंडेक्सला अनसाइन्ड char चा कास्ट (टाइपबदल) लावला. लीडच्या मते मी एका ओळीच्या कामाला दोन ओळी लावल्या.