तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा उंच पंख कशाला?

माझ्या टेबलावर १९७० सालच्या प्लिमथ सुपरबर्डचं छोटं मॉडेल असतं. निळा रंग, लांबलचक चोच आणि डिकीवर उभा केलेला भलाथोरला पंख. येणारा माणूस आधी विचारतो, "अशी गाडी खरंच होती?" हो म्हटलं की लगेच, "मग पंख एवढा उंच कशाला? त्याने वेग वाढतो का?"

गाडी खरी होती आणि दुकानात विकायलाही होती. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीचा तेव्हाचा दंडकच तो: गिऱ्हाइकाला विकता ती गाडी पळवा. आतून बरंच काही बदला, पण बाहेरचा आकार शोरूममधलाच पाहिजे. सुपरबर्डची थोरली बहीण डॉज चार्जर डेटोना (डॉज आणि प्लिमथ दोन्ही क्रायस्लर कंपनीच्याच) १९६९ मध्ये आली, ती या नियमासाठीच. किमान ५०० गाड्या बनवणं भाग होतं. कंपनीने ५०३ बनवल्या आणि हात झटकले.

वेगाचं म्हणाल तर पंखाने तो वाढत नाही, उलट थोडा खातो. वेग दिला तो चोचीने.

आधीची १९६८ची चार्जर आठवा. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात देखणी गाडी. पण तिचं ग्रिल आत खोल दडवलेलं, त्यामुळे समोरची हवा त्या खोबणीत कोंडायची. मागची काचही दोन खांबांच्या मध्ये आत सरकवलेली. छतावरून आलेली हवा तिथे घसरून खाली न उतरता भोवरे घालायची आणि गाडीचं ढुंगण वर उचलायची. रस्त्यावर कुणाला पत्ता लागणार नाही. फ्लोरिडातल्या डेटोना गावच्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर मात्र, ३१ अंश कललेल्या वळणांवर, ड्रायव्हरला चांगलंच कळायचं. मागच्या काचेवरून हवा काय ओढ काढते याचा नमुना तिथल्या १९६०च्या डेटोना ५०० शर्यतीतच दिसला होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरच्या बॉबी जॉन्सच्या पॉन्टिअ‍ॅकची मागची काच अख्खी उडून गेली, गाडी गरकन फिरली आणि ज्युनिअर जॉन्सन जिंकला. जॉन्सनची शेव्हरोले मुळात मंद. पुढच्या गाडीच्या अगदी शेपटीला चिकटून, तिच्या आडोशाला राहिलं की आपलीही पळते, हे त्याने त्याच वेळी हेरलं होतं.

नुसतं इंजिन मोठं करून का भागत नाही? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद घनाने. ताशी १८० मैलांवरून २०० वर जायचं तर वेग वाढतो ११ टक्के, पण हवेशी झगडायला ताकद लागते जवळजवळ ३७ टक्के जास्त. क्रायस्लरच्या सात लिटरच्या हेमी नावाच्या इंजिनातून आणखी एवढी कुठून पिळणार?

डॉजने आधी ग्रिल पुढे आणून आणि काच सपाट करून चार्जर ५०० काढली. तिकडे फोर्डने टोरिनोचं नाक लांबवून खाली उतरवलं, मागचाच बंपर कापूनजोडून पुढे लावला, गाडीला टॅलाडेगा नाव दिलं आणि १९६९ची डेटोना ५०० मारली. मग मात्र क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी संकोच सोडला. त्यातले काही जण कंपनीच्या रॉकेट विभागातून आलेले. छोटी मॉडेलं वाऱ्याच्या बोगद्यात घालून तपासली, पत्र्याची टोकदार चोच बसवली, तिच्याखाली हवा अडवणारी पट्टी लावली. गाडीचं तोंड खाली दबलं, विरोध घटला. पण तोंड दाबलं की मागची बाजू हलकी पडते.

इथे पंख कामाला येतो. आडवी पट्टी म्हणजे विमानाचा पंख उलटा करून बसवलेला. विमानाला तो वर उचलतो, इथे मागच्या चाकांना खाली दाबतो. तिचा कोनही कमीजास्त करता यायचा. पण तुम्ही ज्यांच्याकडे बघतच नाही त्या दोन उभ्या बाजूंचंही तेवढंच काम आहे. बाणाच्या शेपटाला पिसं असतात तशा त्या. शेपूट आडवं जाऊ लागलं की हवा ते ढकलून सरळ करते.

उंची डिकीच्या वर सुमारे २३ इंच. डिकीचं झाकण उघडावं म्हणून पंख एवढा उंच केला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. विकायच्या गाडीची डिकी उघडायलाच हवी, ते कबूल. पण मला विचाराल तर डिकीला नको तेवढं श्रेय मिळालंय. छतावरून येणारी हवा मागे गढूळ होते. पंखाला काम करायचं तर तो त्या गोंधळाच्या वर, स्वच्छ हवेत हवा.

२४ मार्च १९७० रोजी अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बडी बेकर या ड्रायव्हरने डेटोना गाडी ताशी २००.४४७ मैलांनी, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वर नेली. गोल फिरणाऱ्या बंद ट्रॅकवर ताशी २०० मैल अधिकृतपणे ओलांडणारा तो पहिला. हवेचं कोडं सुटलं, पण टायरचं अडलं होतं. आधीच्या सप्टेंबरात याच ट्रॅकच्या पहिल्या शर्यतीवर टायर फाटतात म्हणून रिचर्ड पेटीसह बहुतेक नामवंतांनी बहिष्कार घातला होता आणि रिचर्ड ब्रिकहाउस हा तुलनेने नवखा ड्रायव्हर डेटोना घेऊन जिंकला होता. पेटी त्या वर्षी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेला होता. १९७० मध्ये तो परतला तो सुपरबर्डसाठीच.

१९७१ मध्ये नॅसकारने पंखवाल्या गाड्यांना इंजिनाची मर्यादा ३०५ घन इंच, म्हणजे साधारण पाच लिटर केली. बंदी नाही, पण गळा आवळलाच. दुकानांतही हाल होते. सुपरबर्ड पडून राहायच्या, तेव्हा काही विक्रेत्यांनी चोच आणि पंख काढून त्यांना प्लिमथच्याच साध्या रोड रनर गाड्या म्हणून खपवलं. आज हेमी इंजिनाची डेटोना लिलावात दहा लाख डॉलरच्या वर जाते.

राहिला तरुण मंडळींचा प्रश्न: "आमच्या गाडीला लावू का?" तुम्ही ताशी ८० किलोमीटरने जाता, बेकर त्याच्या चौपट वेगात होता. दाब वर्गाने कमी होतो, म्हणजे तोच पंख तुम्हाला सोळावा हिस्सा दाब देईल. त्यात तुमची गाडी पुढच्या चाकांनी चालते आणि पंख दाबणार मागची चाकं. दिसायला आवडत असेल तर खुशाल लावा, फक्त डिकी उघडते का ते आधी बघा.