आधी छप्पर बघा

'कोरियाच्या बंदरगावातलं जुनं घर जपानी बांधणीचं आहे की कोरियन, हे ओळखायचं कसं?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर्शनी भिंतीवर विसंबू नका. दक्षिण कोरियातलं गुन्सान बंदर १८९९ साली परकीय व्यापाराला खुलं झालं आणि इथला तांदूळ जपानला जाऊ लागला. त्या काळातल्या जपानी दुकानांवर पुढे सिमेंटचा गिलावा, टाइल्स, नवे फलक चढले. म्हणून शेजारच्या बोळात शिरा. बाजूच्या भिंतीवर जपानी बांधणीची खूण, म्हणजे एकीची कड दुसरीवर चढवलेल्या आडव्या फळ्या, अजून दिसतात.

मग छप्पर. पारंपरिक कोरियन कौलारू छपरात खाली खोलगट कौल, त्यांच्या सांध्यांवर अर्धगोल कौल, आणि कोपऱ्यांत वर उचललेली वळचण. जपानी घरावर बहुधा एकाच कौलात दोन्ही वळणं असतात आणि आढं सरळ जातं. गुन्सानच्या दोंगुक्सा या बौद्ध मंदिराचा १९१३चा मुख्य मंडप बघाच. एवढं उभं, सरळ छप्पर कोरियन मंदिराला नसतं.

आत जाता आलं तर खोली मोजा. जपानी घरात जमिनीवर बसवलेली तातामी ही जाड चटई साधारण ९० बाय १८० सेंटिमीटरची असते, त्यामुळे खोलीची मापं ९०च्या पटीत येतात. मात्र जमीन तापवलेली दिसली म्हणून घर कोरियन ठरवू नका. गुन्सानमधल्या हिरोत्सु या जपानी व्यापाऱ्याच्या घरात वर तातामीच्या खोल्या आहेत, खाली ओन्दोल, म्हणजे जमिनीखालून ऊब देणारी कोरियन पद्धत. तिथली थंडी नुसत्या चटयांवर निभत नाही.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जपानी लाकडी घराची जमीन उचललेली असते आणि खालून वारा खेळतो. ती पोकळी भरून काँक्रीट ओतलं की वारा बंद होतो, जोत्यावरची आडवी तुळई ओल धरते, कुजते, खांब खचतो आणि सरकती दारं अडकतात. बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेल्या भिंतीला सिमेंट फासलं तरी तेच: ओल आत कोंडते, गिलावा पोपडे धरून सुटतो. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा. दुरुस्तीआधी भिंतीचा तळाकडचा फूटभर भाग तपासा; लाकडात स्क्रूड्रायव्हर सहज घुसला तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल.

आणि इंचॉन या दुसऱ्या बंदरात गेलात तर तिथलं जुनं दिसणारं देबुल हॉटेल बघून फसू नका. मूळ इमारत १९७८ साली पाडली. आजची २०१८ साली खुली झालेली प्रतिकृती आहे.